तोंड फाटकाकडे

शनिवारी सकाळी पावणेसात वाजता गाडी फाटकाकडे पाठ करून उभी होती.

सून कचऱ्याची बादली फाटकाबाहेर ठेवायला खाली आली होती. बादली ठेवून ती परत फिरली तेव्हा समोर गाडीचे पुढचे दिवे दिसायला हवे होते. दिसली ती मागची नंबरपाटी. गुरुवारी संध्याकाळी तिने गाडीखालची पानं झाडून काढली होती, तेव्हा गाडीचं तोंड बाहेर होतं. शुक्रवारी ती सकाळी घाईत निघाली आणि अंधारात दुकानातून आली, मान खाली घालून, फोनवर बोलत. शुक्रवारचं तिला सांगता आलं नसतं.

या घरात गाडी आत लावायची तर उलटीच लावायची. तिच्या सासऱ्यांनी, नानांनी, अठ्ठावीस वर्षं रुग्णवाहिका चालवली. रुग्णवाहिकेचं तोंड कायम रस्त्याकडे असतं, कारण बोलावणं आल्यावर गाडी मागेपुढे करत बसायला कोणाला वेळ नसतो. नाना निवृत्त झाले आणि नियम त्यांच्यासोबत घरी आला. पाहुण्यांनी गाडी सरळ आत घातली तर चहाच्या आधी त्यांना बाहेर काढून ती उलटी लावायला सांगितलं जाई. सुनेचा भाऊ पहिल्यांदा आला होता तेव्हा त्याला मोटारसायकलसुद्धा वळवून लावावी लागली होती.

सुनेने बॉनेटला हात लावला. गार होतं. मग तिने वाकून मागचं डावं चाक पाहिलं. गेला महिनाभर ते बसत चाललं होतं. आज चारही टायर टणक होते.

ती वर गेली. तिचा नवरा, या घरचा थोरला, ज्याला सगळे दादाच म्हणत, दाढी करत होता.

"किल्ली आहे ना रे जागेवर?"

"गाडीची? कपाटात आहे. का?"

"बघ एकदा."

त्याने तोंडाला फेस असतानाच कपाट उघडलं. "ही काय. का पण?"

"विमावाला येणार ना अकराला. ऐनवेळी शोधाशोध नको."

गाडी कशी उभी आहे ते तिने सांगितलं नाही. मागच्या हिवाळ्यात ती एकदा बोलली होती, ते तिला पुरलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. नाना सहज तिकडे आले होते, तिने गमतीने त्यांची हनुवटी मशीनवर टेकवायला लावली आणि जे दिसलं ते त्याच संध्याकाळी घरी सांगितलं. डॉक्टरांनी पंधरवड्याने तेच सांगितलं: दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, समोरचं स्वच्छ, पण कडेचं बरंचसं गेलेलं, ते परत येणार नाही, गाडी बंद. तेव्हापासून गाडी उभी होती आणि तिची किल्ली वरच्या मजल्यावर होती. रविवारी दादा किल्ली घेऊन खाली येई, नाना गाडीत बसून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत, दादा शेजारी उभा राही, मग किल्ली पुन्हा वर जाई. सुनेने केलेला चहा नाना पीत. रिकामा कप मात्र दादाच्या आईच्या हातात देत.

दादाने सव्वासातला गॅलरीतून खाली पाहिलं आणि त्याच्या हातातला टॉवेल खाली पडला.

---

दादाची धाकटी बहीण बेबी दहा वाजता आली. बेबी एक्केचाळीस वर्षांची होती, दोन मुलांची आई होती आणि न्यायालयात लघुलेखक होती, पण माहेरी तिला दुसरं नाव नव्हतं. फाटकातूनच तिचा आवाज घरात पोचला.

"कोण आलंय? गाडी कोणाची ही?" आणि लगेच, "अगं बाई, आपलीच आहे!"

आत टेबलाशी चौघं बसली होती. नाना वर्तमानपत्र वाचत होते. हिवाळ्यापासून त्यांनी बारीक टायपातल्या जाहिराती मोठ्याने वाचायची सवय लावून घेतली होती.

"'भाड्याने देणे. दोन खोल्या. पाण्याची सोय. धूम्रपान करणाऱ्यांनी तसदी घेऊ नये,'" नानांनी वाचलं. "किती लहान छापतात. तुला दिसतंय का गं बेबी?"

"नाना, गाडी कोणी फिरवली?"

"'शिवणयंत्र विकणे. चालू स्थितीत.'"

"दादा?"

"माझ्याकडे बघू नकोस. मला गाडी येत नाही आणि किल्ली रात्रभर माझ्या कपाटात होती."

"मग गाडीने काय झोपेत कूस बदलली?"

बेबीचं सगळं आयुष्य लोकांची उत्तरं उतरवून घेण्यात गेलं होतं. माणूस ज्या प्रश्नाचं उत्तर देत नाही तो प्रश्न तिच्या कानात राही. तिने आईकडे पाहिलं. आई टेबलावरची औषधाची गोल डबी सरळ करत होती. तशी ती सरळच होती.

"आई?"

"हवा भरायची होती," आई म्हणाली.

"कशात?"

"चाकात. उद्या ते चित्रकलेचे सर गाडी विकत घ्यायची म्हणून बघायला येणारेत. त्यांना चाक बसलेलं दाखवायचं का? काल पहाटे आम्ही पंपावर जाऊन आलो."

दादा उभा राहिला. "आम्ही म्हणजे?"

"मी शेजारी बसले होते. उजवीकडून कोणी आलं की सांगत होते. रस्त्यावर एक कुत्रं होतं फक्त."

"आई, तुला कळतंय का तू काय..."

"खाली बस. मान दुखते वर बघून."

दादा बसला. "पंप माझ्याकडे आहे. पायाचा. वर आहे. मला सांगितलं असतं तर मी भरली नसती हवा?"

"किल्ली तुझ्याकडे, पंप तुझ्याकडे," नाना पेपरातून म्हणाले. "हवापण तुझ्याकडूनच घ्यायची."

"आणि गाडी चालू कशाने केलीत?"

"किल्लीने."

"नाना!"

"दुसऱ्या किल्लीने. माझ्या जुन्या कामाच्या हातमोज्यांच्या खोक्यात होती."

दुसरी किल्ली बेबीच्या लग्नाच्या दिवशी हरवली होती. तिच्यावरून तेव्हा दोन दिवस भांडण झालं होतं, बेबीच्या सासरच्या एका चुलत्यावर संशय घेतला गेला होता आणि तो माणूस नंतर कधी या घरी आला नव्हता.

"म्हणजे काकांनी नेली नव्हती," बेबी म्हणाली. "पंधरा वर्षं मी त्यांच्यासमोर मान खाली घालतेय."

"मला गेल्या महिन्यात सापडली. आवाराला उतार आहे, गाडीचं तोंड बाहेर होतं. ब्रेक सोडला की आपसूक फाटकापर्यंत जाते. इंजिन बाहेर जाऊन चालू केलं. तुमची झोप नको मोडायला."

"आता कुठे आहे ती किल्ली?"

"माझ्याकडे," आई म्हणाली. "आणि माझ्याकडेच राहील."

नानांनी पहिल्यांदा पेपर खाली केला आणि बायकोकडे पाहिलं. काल पहाटे तिनेच खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली होती. ती त्यांना परत मिळाली नव्हती.

---

विमा त्या रात्री बारा वाजता संपत होता. पुढचा कोणता घ्यायचा यावर आठवडाभर फोन चालले होते आणि घराचे दोन तट पडले होते. दादाला उभ्या गाडीचा विमा हवा होता. आग, चोरी, अंगावर झाड किंवा भिंत पडणं, एवढंच त्यात धरलेलं, आणि एकच अट: गाडी रस्त्यावर न्यायची नाही. हप्ता निम्म्याहून कमी, हे दादा सगळ्यांना सांगत होता. त्याला हवी होती ती अट. डॉक्टर, मुलगा आणि सून यांचं न ऐकणारे नाना छापील अट ऐकतील असं त्याला वाटत होतं. वरच्या मजल्याच्या बांधकामावरून झालेल्या भांडणापासून बेबी दादाच्या कुठल्याही म्हणण्याच्या विरुद्ध असे. तिचं म्हणणं, विमा नेहमीचाच घ्या, गाडी विकायची तर घेणारा चालवून बघणारच, आणि नानांना असं खुंटीला बांधून ठेवू नका.

स्वतः नाना यावर काही बोलले नव्हते. आठवडाभरात त्यांनी एवढंच विचारलं होतं, की उभ्या गाडीच्या विम्यात चालकाचं नाव कुठे लिहितात. लिहीत नाहीत, असं दादाने सांगितलं होतं.

विमावाला अकराला पाच कमी असताना आला. तो बेबीच्या वर्गात होता. वाईट बातमी सांगताना तो हसे, त्यामुळे घरात त्याला हसरा म्हणत. त्यालाही ते ठाऊक होतं. त्याने चपला काढल्या, काका-काकूंची चौकशी केली, चहा नको म्हणाला आणि आलेला चहा प्यायला. मग फोन काढून टेबलावर ठेवला.

"दादा म्हणाले उभ्या गाडीचा करायचा. सोपं आहे. मी विचारतो, काकांनी हो-नाही म्हणायचं, शेवटी बोटाने सही. गाडी गेल्या तीस दिवसांत सार्वजनिक रस्त्यावर नेली होती का?"

"नाही," दादा म्हणाला.

"काल पहाटे नेली होती," नाना म्हणाले. "पंपापर्यंत. जाऊन येऊन."

हसरा हसला. "काका, हे मी ऐकलं नाही असं समजू."

"का? कान गेले तुझे? सुनेकडे मशीन आहे, ती तपासून देईल."

"कानांचं मशीन आमच्याकडे नाही, नाना," सून म्हणाली.

हिवाळ्यानंतर नानांनी तिचा उल्लेख करण्याची आणि तिने उलट उत्तर देण्याची ती पहिली वेळ. बेबीने ओठ दाबून हसू आवरलं.

"नाना, एका शब्दाचा प्रश्न आहे," दादा म्हणाला. "गाडी महिनाभर जागेवरून हलली नाही. कोण बघायला आलंय?"

"मी बघायला होतो. अठ्ठावीस वर्षांत मी निघाल्याची वेळ खोटी सांगितली नाही. तुझ्या शाळेच्या फीची अडचण होती, साहेब म्हणत होते, उशीर झाकायला दहा मिनिटं आधीची सांग, बढती देतो. तेव्हा नाही सांगितली. आता चाकातल्या हवेसाठी सांगू?"

ही बढती घरात सगळ्यांना पाठ होती. ती हुकल्यामुळे आईने बरेच महिने पोरांच्या जुन्या गणवेशांची शिवण उसवून ते मोठे केले होते.

"मग हा विमा होणार नाही," हसरा म्हणाला. "उद्या समजा गाडी पेटली, तर कंपनी पंपावरचा कॅमेरा बघेल आणि हात वर करेल. नेहमीचा करू. त्यात दुसरे प्रश्न आहेत. गाडी कोण चालवणार? चालवणाऱ्याला नजरेचा काही आजार आहे का?"

"काचबिंदू," नाना म्हणाले. "दोन्ही डोळे."

सून त्यांच्याकडे बघत होती. हा शब्द त्यांच्या तोंडून तिने आजवर ऐकला नव्हता.

"मग चालक म्हणून तुमचं नाव घेता येत नाही, काका. मालक तुम्हीच. चालक दुसरा लागेल. घरात लायसन कोणाकडे आहे?"

दादाने टेबलाकडे पाहिलं. तो दातांच्या कवळ्या बनवतो; मेणात, प्लॅस्टरमध्ये केसाइतका फरक त्याच्या बोटांना कळतो, पण गाडीत पुढे बसलं तरी त्याला मळमळतं. नानांनी त्याला एकदाच शिकवायला नेलं होतं आणि परत येताना तो मागच्या सीटवर आडवा होता. बेबीने परीक्षा दोनदा दिली होती. त्याबद्दल ती कोणाला बोलू देत नसे.

"माझ्याकडे आहे," सून म्हणाली.

"तुझ्याकडे?" हे दादाने विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून. मुदत संपली की नवं करून आणते."

"तू मला कधी बोलली नाहीस."

"तू विचारलं नाहीस. मोटारसायकलीसारखी गाडीपण आधी वळवून लावायला लागेल म्हणून मी चालवायला बसले नाही."

"वीस वर्षांत तिने स्टिअरिंगला हात लावलेला नाही," दादा हसऱ्याला म्हणाला. "तिचं नाव कशाला घालताय? उभ्या गाडीचाच दुसऱ्या कंपनीचा बघ."

"हात कोणी लावू दिला का?" बेबी म्हणाली. "वहिनी, घाल तुझं नाव. सरांना गाडीतून एक चक्कर दे. तू कवळ्या बसव रे."

अशा रीतीने साडेअकराच्या सुमारास बेबी आणि वहिनी एका बाजूला आल्या. वरच्या मजल्यानंतर हे प्रथमच घडत होतं. दादा एकटा पडला होता आणि गंमत म्हणजे नानांच्या बाजूने भांडायला आता तोच उरला होता. "नानांच्या गाडीवर नानांचंच नाव नाही, हे बरं दिसतं का?" तो म्हणाला.

"नाव आहे. मालक म्हणून आहे," हसरा म्हणाला. "फक्त काकांनी एक सही करायची. मी ही गाडी चालवणार नाही, अशी. गाडीचे फोटो काढतो, तोवर तुम्ही ठरवा."

"फोटो आता नाही काढायचे," नाना म्हणाले.

"का, काका?"

"गाडी नीट लावलेली नाही."

"फोटोला कशीही चालते."

"मला चालत नाही."

नाना उठले. त्यांनी दादापुढे हात पसरला. "किल्ली दे. आजचा विमा रात्री बारापर्यंत आहे. बाहेर काढतो, गल्लीत वळवतो, उलटी आत घेतो. पाच मिनिटांचं काम. मग कुठे सही करायची ते सांगा."

सगळ्यांना त्यांचं म्हणणं समजलं. एकदाच. शेवटचं. दादाचा हात खिशाकडे गेला. सून बघत होती. तिच्या नवऱ्याने वडिलांना कधी नाही म्हटलं नव्हतं, फक्त किल्ली लपवली होती. त्याने किल्ली काढून नानांच्या तळहातावर ठेवली.

"चल गं," नाना आईला म्हणाले. "मागे उभी राहा आणि हात कर."

"मी नाही उभी राहणार," आई म्हणाली.

---

गोष्ट अशी झाली होती.

शुक्रवारी पहाटे पंपावरून परतल्यावर नानांनी गाडी गल्लीत वळवली आणि आईला उतरवलं. आवाराच्या उजव्या भिंतीशी उभी राहा, गाडी जवळ आली की हात वर कर, मी आरशात बघतो, असं सांगितलं. आई उभी राहिली. आवार अरुंद आहे, दोन्ही बाजूंना भिंत. गाडी मागे येऊ लागली. आईने हात वर केला. गाडी आली. तिने दोन्ही हात वर केले. नानांचा चेहरा तिला उजव्या आरशात पूर्ण दिसत होता. ते शांत होते, मन लावून गाडी घेत होते, आणि ते तिच्याकडेच बघत आहेत असं वाटत होतं. तिची पाठ भिंतीला लागली. मग तिने गाडीच्या पत्र्यावर जोरात थाप मारली.

गाडी थांबली. काच खाली करून नाना म्हणाले, "बसतेय ना बरोबर?"

आई पुढे खिडकीशी आली. ती म्हणाली, "सरळ आत घ्या."

"सरळ? का?"

"मला थंडी वाजतेय. घ्या सरळ आत."

नानांनी घेतली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने गाडीबाबत त्यांना काही सांगितलं नव्हतं, म्हणून कदाचित. गाडी थांबल्यावर तिने हात घालून किल्ली काढली. घरात गेल्यावर तिने दोघांसाठी पाणी गरम केलं. तिच्या पाठीवर भिंतीचा खरखरीत ओरखडा होता, तो तिने कोणाला दाखवला नव्हता.

एवढं सगळं तिने टेबलाशी सांगितलं नाही. ती म्हणाली, "काल उभी राहिले होते. हात केला होता. तुम्हाला दिसले नाही."

"मी थांबलो की."

"मी थाप मारली तेव्हा थांबलात."

"ती थाप..." नाना म्हणाले. थाप म्हणजे बसली, आता थांबा, असा अर्थ त्यांनी लावला होता. डेपोत मदतनीस तशीच थाप मारत. ती भीतीची असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. "तू म्हणालीस थंडी वाजतेय."

"म्हणाले."

"किती जवळ आलो होतो?"

आईने औषधाची डबी उचलली आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याला चिकटवून धरली. मग ती परत खाली ठेवली.

हसरा या वेळी हसत नव्हता. बेबीने खुर्ची मागे ढकलली, पण ती उठली नाही. दादा काहीतरी बोलणार होता. सुनेने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला.

नाना बराच वेळ हातातल्या किल्लीकडे बघत होते. किल्ली त्यांना नीट दिसत होती, तिच्यावरचा पुसट झालेला आकडासुद्धा. मग ते सुनेच्या खुर्चीशी गेले. किल्ली तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

"आरसे आधी लावून घे," ते म्हणाले. "माझ्या उंचीला आहेत."

---

गाडी बाहेर काढताना दोनदा बंद पडली. सून घामाघूम झाली होती. गल्लीत एक सायकलवाला थांबून बघू लागला, त्याला बेबीने "काय बघताय, निघा" म्हणून पुढे पाठवलं. पहिल्यांदा गाडी तिरकी आत आली आणि मागचं चाक पायरीला घासलं. दादाने डोळे मिटले.

"पुढे घे," नाना म्हणाले. "परत."

ते भिंतीशी, आई काल होती तिथेच उभे राहिले. आईने त्यांच्या बाहीला धरून त्यांना दोन पावलं मागे ओढलं, तसे ते मागे झाले.

"मी आरशात दिसतोय का?"

"दिसताय, नाना."

"डोकं दिसतं की पूर्ण?"

"पूर्ण. चपलांसकट."

"मग मी थांब म्हटलं की थांब. मी दिसेनासा झालो तर कोणी काही म्हणायची वाट बघू नकोस, तशीच थांब."

दुसऱ्यांदा गाडी सरळ आली. डाव्या भिंतीशी जरा जास्त जागा सुटली होती. नानांनी ते पाहिलं आणि गाडी तशीच राहू दिली. घरात गेल्यावर सुनेने सगळ्यांना पाणी दिलं. नानांनी पेला रिकामा केला आणि तिच्या हातात परत दिला.

हसऱ्याने समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढले. आत येऊन नानांनी फोनच्या काचेवर बोटाने सही केली. ती वेडीवाकडी आली. "ही माझी सही नाही," ते म्हणाले. "अशीच येते सगळ्यांची," हसरा म्हणाला. नानांनी ती पुसून पुन्हा केली. दुसरी पहिल्यासारखीच आली. ती राहू दिली.

"एकच राहिलं," हसरा म्हणाला. "चोरीसाठी विचारतात. गाडीच्या किल्ल्या किती? एक वहिनींकडे. दुसरी?"

खोलीत सहा माणसं होती आणि त्यांतल्या पाच जणांना उत्तर माहीत होतं. बेबीने आईकडे पाहिलं. दादाने तोंड उघडलं. नाना, ज्यांनी हसऱ्याचा एकही प्रश्न सोडला नव्हता, खिडकीबाहेर गाडीकडे बघत होते.

"हरवली," आई म्हणाली. "बेबीच्या लग्नात."

"पंधरा वर्षं झाली," बेबी म्हणाली. तिचा आवाज न्यायालयातला होता, कोणाचाही नसलेला.

हसऱ्याने लिहून घेतलं. कंपनीचं उत्तर संध्याकाळपर्यंत येईल, चाक पायरीला घासलेलं फोटोत दिसतंय, त्यावर ते काही विचारू शकतात, असं सांगून तो गेला. फाटकाशी त्याने आपली स्कूटर पाहिली. आत येताना त्याने ती सरळ लावली होती. आता तिचं तोंड बाहेर होतं. कोणी फिरवली ते त्याने विचारलं नाही.

चारला चित्रकलेच्या सरांचा फोन आला. उद्या सकाळी ते बायकोला घेऊन येणार होते. चालवून बघता येईल का, असं त्यांनी विचारलं. आमची सून घेऊन जाईल, असं नानांनी सांगितलं. दोन्ही किल्ल्या आहेत ना, असंही सरांनी विचारलं. नानांनी फोन आईकडे दिला. आईने "उद्या या, सगळं बोलू," म्हणून तो ठेवला.

पाचला बेबी गेली. जाताना तिने वहिनीला मिठी मारली आणि दादाला, "पायरीचा दगड तासून घे," म्हणून सांगितलं. दादा आणि सून वर गेले.

खालच्या खोलीत दोघंच राहिली.

"किल्ली?" नानांनी विचारलं.

"हरवलीय. आताच लिहून दिलं ना."

"तू दिलंस. मी नाही."

"तुम्ही ऐकत होतात."

नाना हसले. मग त्यांचं हसू गेलं. "बेबीच्या सासरच्या त्या माणसाला फोन करायला हवा," ते म्हणाले.

"करा."

"काय सांगू? हरवली म्हणून का सापडली म्हणून?"

किल्ली शुक्रवारपासून औषधाच्या गोल डबीत, थेंबांच्या दोन बाटल्यांखाली होती. ते थेंब नानांच्या डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ आईच घालायची. डबी नाना कधी उघडत नसत. किल्ली तिने विहिरीत टाकली नव्हती, दादाला दिली नव्हती, हसऱ्यासमोर ठेवली नव्हती. ती का ठेवून घेतली हे तिला कोणी विचारलं असतं तर तिला एकच कारण सांगता आलं नसतं.

साडेसहाला कंपनीचं उत्तर आलेलं नव्हतं. बाहेर गाडी तोंड फाटकाकडे करून उभी होती. थेंबांची वेळ झाली, तशी आई हात धुवायला उठली.

"बस," नाना म्हणाले. "आज मी घालतो. डबी इकडे दे."

डबी टेबलाच्या मधोमध होती.